सुळ्यांचे कोंब

"सायकलच्या तारेनं उकरलं, की चाकूनं?" मी त्या बाईला विचारलं.

बाईनं मान खाली घातली. मांडीवर सात महिन्यांचं पोर, हिरड्यांत दोन भोकं आणि त्यांत कोंबलेला कसलासा पाला. रांगेतल्या बायका दारातून ऐकत होत्या, म्हणून मी आवाज चढवला. म्हटलं, "जुलाब पोटाला झाले आणि औषध तोंडाला. उद्या डोकं दुखलं तर पाय तोडून आण." बायका फिदीफिदी हसल्या. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

सव्वीस वर्षं मी या आरोग्य केंद्रात लोकांचे दात बघतोय. तान्ह्या पोराला ताप आला की आमच्या म्हाताऱ्या आधी त्याच्या तोंडात बोट घालतात. हिरडी फुगलेली लागली की झालं, एबिनो! म्हणजे किड्याचे दात, तेच पोराला खातायत. मग गावातली एखादी जाणती ते तारेनं उकरून काढते. ते असतात सुळ्यांचे कोंब, आणि ताप असतो मलेरियाचा. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आमचे डॉक्टर तरी कुठले शहाणे? हृदय त्यांचं, साखर त्यांची, बाळंतिणी त्यांच्या. तोंड तेवढं माझं, जसं काही ते शेजारच्या गावात राहतं. हिरडीतला पू रक्तात उतरतो आणि रक्त सगळीकडे फिरतं, हे मी मीटिंगमध्ये सांगायला लागलो की ते घड्याळ बघायचे. मी त्यांना मूर्ख समजायचो आणि बायकांना महामूर्ख. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणत, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या बाईला बोललो तो मंगळवार होता. शुक्रवारी सकाळी नर्स मला बोलवायला आली. वॉर्डात माझी मुलगी कहुंडे बसली होती, मांडीवर माझा पाच महिन्यांचा नातू, अराली. अंग भट्टीसारखं तापलेलं, श्वास भराभर चाललेला, जबडा सुजलेला. तोंड उघडून बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. खालच्या हिरडीत दोन काळी भोकं होती.

"तोंडातून रक्तात गेलंय," डॉक्टर मला म्हणाले. मलाच शिकवत होते.

शनिवारी दुपारी अराली गेला.

घरामागच्या केळीच्या बागेत त्याला पुरलं. बायका गवत पसरून बसल्या होत्या. कहुंडेची सासू मान खाली घालून कोपऱ्यात होती, तिच्यासाठी माझ्याकडे शिव्या तयारच होत्या. पण आधी मी मुलीला बाजूला बोलावलं. आमच्यात प्रत्येकाला नावाशिवाय एक मानाचं नाव असतं, हाक त्यानंच मारतात. नुसतं नाव घेणं म्हणजे कानाखाली वाजवल्यासारखं. मी नुसतं नाव घेतलं.

"कहुंडे, दात बघणाऱ्याची मुलगी ना तू? सासूला नाही म्हणता आलं नाही तुला?"

"नाही आलं, आमोती," ती म्हणाली. माझं मानाचं नाव तिनं सोडलं नाही. "त्यांनी रविवारी त्या जाणतीकडे नेलं त्याला. पू दिसला तसं मी त्याला घेऊन तुमच्याकडेच आले होते."

"कधी आलीस?"

"मंगळवारी. खिडकीशी उभी होते. तुम्ही एका बाईला विचारत होतात, तारेनं की चाकूनं. सगळ्या हसत होत्या. मग मी परत गेले."

मंगळवार ते शुक्रवार. मंगळवारीच इंजेक्शनं सुरू झाली असती तर पोर वाचलं असतं. हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मला ठाऊक आहे. ज्याच्या त्याच्या अकलेचं माप काढत फिरणारा मी, माझ्याएवढा गाढव त्या बागेत दुसरा नव्हता. सासूसाठी ठेवलेली एकही शिवी तोंडातून निघाली नाही.

सोमवारी मी कामावर गेलो. पहिलीच आली ती एक कोवळी पोरगी होती. तिनं बाळाच्या तोंडावर फडकं धरलं होतं. फडक्यावर रक्ताचा डाग होता. ती खुर्चीच्या काठावर बसली, उठायच्या तयारीतच. मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"तू आलीस हे फार चांगलं झालं," मी म्हणालो. इतकं मनापासून मी त्या खोलीत कधीच काही बोललो नव्हतो.

दारातल्या बायका हसल्या. पुढचा टोमणा ऐकायला दोघी आणखी आत सरकल्या.

पोरीनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग फडकं नीट ओढून घेतलं आणि बाळाला उचलून ती बाहेर पडली. मी थांब म्हणालो, ती थांबली नाही. तिचं मानाचं नाव मला माहीत नव्हतं, हाक तरी काय मारणार? हातमोजे तसेच घालून मी तिच्यामागे रस्त्यावर उतरलो. ती मधूनमधून वळून बघायची, आणि मी दिसलो की आणखी भरभर चालायची.