विहिरीतल्या गोगलगाई

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात देवळीजवळच्या शेतात चंद्रभाननं विहीर खणायला घेतली. काळा खडक फोडता फोडता खाली पांढरट दगड लागला, आणि त्यात निघाले शंख. नखाएवढे, दगडाचेच. चंद्रभाननं हात जोडले, नारळ फोडला आणि काम बंद केलं.

"देवाच्या जागेवर सुरुंग लावू काय?"

त्याची बायको आनंदाबाई हवालदिल झाली. आपल्या हातानं लावलेली संत्र्याची रोपं ती डोक्यावर घागरी आणून जगवत होती. खणणारी माणसं तर उद्याच केळझरला निघणार होती.

तिचा धाकटा भाऊ मधुकर नालवाडीला राहायचा, शाळेत भूगोल शिकवायचा. दुपारी तो विहिरीवर आला. एक शंख त्यानं उलटसुलट करून पाहिला.

"बाई, हे गोगलगाय आहे. आपली जमीन पार दक्षिणेले होती, एकटीच. सरकत सरकत वर आली. वाटेत तिले भेगा पडल्या, आगीचा रस वाहिला, थिजून खडक झाला. त्याच्यावर तळं साचलं, त्यात ह्या राहाले आल्या. मंग पुन्हा आग."

"आन् आता थांबली न जमीन?"

"नाई. सरकूनच राह्यली."

"सरकाच्या आधी मले कोणी विचारलं नाई ते!" तिला एका जागी बसवेना. "आन् या तळ्याखाली काय असंन?"

"जुना खडक. त्याच्यावर पाणी अडलं असंन. खात्री नाई देत."

चंद्रभान म्हणाला, "गोगलगाय असो. देव तिच्यातही राह्यते."

आनंदाबाईनं पदर खोचला, मोठ्या टोपल्यात बसली आणि माणसांना दोर सोडायला लावला.

"अवो, काऊन उतरून राह्यली? डोकं फिरलं काय तुहं?" चंद्रभान काठावरून ओरडत राहिला.

तिनं फुटलेले, शंखांचे दगड तेवढे वेचले. वर येऊन तडक घर गाठलं, देवघरात गणपतीशेजारी लाल कापडावर ते मांडले, हळदकुंकू वाहिलं.

"अजी, देव घरी आले. खाली आता नुसता दगड आहे."

"त्याईले न विचारता हलवलं?"

"त्याईले हलाची सवय आहे."

चंद्रभाननं देवघराला हात जोडले. मग चप्पल घालून खणणाऱ्यांना केळझरला जाण्यापासून थांबवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना टोपलं वर आलं ते ठिबकत. आतल्या चिखलातून बोटं फिरवून आनंदाबाईनं ती रोपांच्या बुडाशी पुसली, आधी तिथंच. संध्याकाळी गढूळ पाण्याचे चार थेंब तिनं देवघरातल्या गोगलगाईंवर शिंपडले. दिवा लावला, आणि जाता जाता वळून पाहिलं, आहेत ना जागेवर.