टाळ्या वाजेपर्यंत

तो आवाज फ्रिजचा नव्हता. फ्रिज मी सकाळीच बंद केला होता, आतलं दूध शेजारच्या नर्मदाकाकूंना देऊन टाकलं होतं आणि दार उघडं ठेवून खाली फडकं अंथरलं होतं. तरी ती बारीक घुरघुर चालूच होती. डास फिरावा तशी, पण एकाच जागी.

"दीदी, तू काय शोधून राहिली सकाळपासून?" गौरांग म्हणाला. तो पलंगावर उभा राहून माळ्यावरच्या बॅगा खाली टाकत होता.

"आवाज येतोय."

"किसका?"

"तेच तर शोधतेय."

"तेरा दिवस घरात एवढे लोक होते, तेव्हा नाही आला?"

"तेव्हाही येत होता."

"अच्छा." त्याने एक बॅग धपकन टाकली. "बाबांचे कान तुलेच मिळाले. मी बचावलो."

मी ट्यूबलाइट बंद करून पाहिली. डास पळवायचं यंत्र काढलं. व्हरांड्यातल्या मीटरला कान लावून उभी राहिले. समोरच्या दुकानातला माणूस चौदा दिवस आमचं येणंजाणं बघत होता; आता त्याने मला भिंतीला कान लावलेलं पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी आत आले, बसले, उठले. बाबा गेल्यापासून मला सलग दहा मिनिटं कुठेच बसता आलेलं नव्हतं. चहा केला की कप दुसऱ्या खोलीत राहायचा.

कान बाबांचेच खरे. रामराव खोडे, रेल्वेत टी.एक्स.आर.; म्हणजे गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या बाजूने चालत जायचं आणि एकेका चाकावर ठोका द्यायचा. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. तडा असला तर ठोका तिथेच मरतो. चौतीस वर्षं बाबांनी जबलपूर स्टेशनावर थांबलेल्या गाड्यांची चाकं ऐकली. बाकी सांगण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काही नव्हतं. फक्त एक गोष्ट होती, आणि ती सांगितली की लोक हसायचे. बाबा ऑपेरा ऐकायचे.

पॅटरसन नावाचे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते. ते सगळं विकून पर्थला मुलीकडे गेले, तेव्हा त्यांनी बाबांना तबकड्यांची एक पेटी दिली. "खोडे, तू ऐकणारा माणूस आहेस," एवढंच म्हणाले म्हणे. बाबांना त्यातला शब्द कळत नव्हता. इटालियन, जर्मन सोडा, इंग्रजीही ड्यूटीपुरतं. पण त्यांनी ऐकलं, आणि मग आयुष्यभर जमवलं. आधी तबकड्या, मग सीड्या. पॅटरसनसाहेब होते तोवर पर्थहून पोस्टाने यायच्या. पुढे कुठल्या कुठल्या शहरांतल्या, बाबांनी कधी न पाहिलेल्या माणसांशी अदलाबदल चालायची. त्यांचा एकच नियम होता. रेकॉर्डिंग थिएटरातलंच हवं, लोकांसमोर झालेलं.

"स्टुडिओतलं म्हणजे वर्कशॉपात उभं केलेलं चाक," ते म्हणायचे. "वाजते छान. पण धावल्याबिगर काय समजते?"

त्यांच्या वहीत गाणाऱ्यांची नावं कमी आणि बाकीच्याच नोंदी जास्त. 'दुसऱ्या अंकात कोणाची तरी काठी पडते.' 'बाई शेवटी थकली आहे, पण सोडत नाही.' 'बाहेर पाऊस असावा.'

आणि दुसरा नियम म्हणजे गाणारा मध्ये असताना यंत्र बंद करायचं नाही. टाळ्या वाजल्या की मगच. आई ताट वाढून हाक मारायची, आतून उत्तर यायचं, "टाळ्या वाजू दे." शाळेच्या रिझल्टवर सही हवी असली तरी टाळ्या वाजू दे. गौरांग एकदा जिन्यावरून पडला, कपाळ फुटलं, तेव्हा मी धावत आत गेले. त्या दिवशी मात्र बाबा लगेच उठले असं आई सांगायची. माझ्या आठवणीत ते हात वर करून "एक मिनिट" म्हणतात. कोणाचं खरं, आता विचारायला कोणी नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी पुण्याहून फोन केला होता. मागे एक बाई गात होती, मोठ्याने. बाबा काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही.

"बाबा, ते आधी बंद करा. मग बोला."

"थांब बेबी. एक मिनिट."

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. बाई गातच राहिली. मी कुकर लावायचा थांबवून उभी होते. एक मिनिट झालं, दोन झाली. ती गातच होती. मी मनात म्हटलं, टाळ्या. अजूनही टाळ्या. पन्नास वर्षांची होत आले, तरी मी आपली दाराबाहेर रिझल्ट घेऊन उभी. मी फोन कापला. सात वाजून एक्केचाळीस मिनिटं. सात चव्वेचाळीसला त्यांचा फोन आला. स्क्रीनवर 'बाबा' दिसलं, माझे हात तांदळाच्या पाण्यात होते. हात पुसता आले असते. मी म्हटलं, आता तुम्ही थांबा. उद्या करते.

सकाळी नर्मदाकाकूंना ते खुर्चीत दिसले. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळीच, सात ते नऊच्या मध्ये केव्हातरी.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, गौरांगलाही नाही. रडू येई तेव्हा मी तो राग पुढे करायची. शेवटच्या दिवशीही त्यांनी मला टाळ्यांसाठी थांबवलं. हा राग होता म्हणून मी त्या चौदा दिवसांत उभी राहू शकले.

"दीदी, पिंपळापुरे कधी येऊन राहिले?" गौरांगने विचारलं. "चार वाजता मला डुमना एअरपोर्टला पोचायचं आहे. टॅक्सीवाल्याला अडीचची वेळ दिली."

"वाटेत आहेत, सिवनी मागे टाकलंय."

अतुल पिंपळापुरे नागपूरचे. दातांचे डॉक्टर, आणि बाबांसारखेच वेडे. बाबांनी त्यांना कधीच सांगून ठेवलं होतं, माझ्यानंतर हे सगळं तुमचं. चारशे बारा सीड्या. घराला कुलूप लागणार होतं. निदान त्या तरी वाजतील. मी लगेच हो म्हटलं होतं. त्या खोलीत मला एकही सीडी नको होती.

ते दीडला आले. पुठ्ठ्याची खोकी घडी करून आणली होती. बुटके, घामेजलेले, हातात रुमाल. खोलीच्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि तिथेच उभे राहिले.

"या ना," मी म्हटलं.

"सवय," ते म्हणाले. "पहिल्यांदा आलो तेव्हा अकरा मिनिटं इथंच उभा होतो. रामरावजींनी नुसता हात वर केला. नागपूरहून बसनं आलो होतो हो! पाणी नाही, बसा नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा म्हणाले, हां, आता बोला, प्रवास कसा झाला."

गौरांग खळखळून हसला. चौदा दिवसांत पहिल्यांदा. मला हसू आलं नाही.

नर्मदाकाकू डब्यात पोहे घेऊन आल्या होत्या, त्या दाराशी टेकल्या. आम्ही खोकी भरू लागलो. पिंपळापुरे एकेक सीडी बघून, पुसून देत होते. मला ते हळू वाटत होतं. मी दोन दोन उचलत होते, खाली पाडत होते.

"तो फोटो उचल," मी गौरांगला म्हटलं. "मागचं यंत्रही डॉक्टरांना द्यायचंय."

बाबांचा हार घातलेला फोटो पहिल्या दिवसापासून तिथेच होता. कोणीतरी तो कपाटाजवळच्या टेबलावर, सीडीच्या यंत्राला टेकवून ठेवला होता आणि त्याच्यापुढे तेरा दिवस दिवा लावला होता. गौरांगने फोटो उचलला आणि दुसरा हात भिंतीवरच्या बटणाकडे नेला.

"थांब!"

मी एवढ्याने ओरडले की काकूंच्या हातातलं झाकण पडलं.

आईने विणलेल्या रुमालाखाली यंत्राच्या काळ्या काचेवर हिरवे आकडे होते. अकरावं गाणं. त्याच्यापुढे दोन मिनिटं, छत्तीस सेकंद. शेजारी दोन उभ्या रेघा, लुकलुकणाऱ्या. मी वरून हात ठेवला. यंत्र गरम होतं. आत काहीतरी बारीक थरथरत होतं.

"बंद नाही केलेलं," पिंपळापुरे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "नुसतं थांबवलंय. आत तबकडी फिरतेय."

"चौदा दिवस? लाइट तर किती वेळा गेली," गौरांग म्हणाला.

"इन्व्हर्टरवर आहे हे," मी म्हटलं. पंखा आणि हे यंत्र, दोनच गोष्टी बाबांनी इन्व्हर्टरवर घेतल्या होत्या. गाणारा मध्ये असताना लाइट जाऊ नये म्हणून.

गौरांगचा हात अजून बटणाजवळ होता. "मग काढू ना? टॅक्सी..."

"हात काढ तिथून."

"दीदी, काय झालं?"

मी सांगितलं. तिघांसमोर, उभ्या उभ्या, एक वाक्य अर्धवट सोडून दुसरं धरत. फोन, बाई, दोन मिनिटं, तांदळाचं पाणी. सात चव्वेचाळीस. गौरांग खोक्यावर बसला.

"तू मला सांगितलं काहून नाही?"

मी म्हटलं, "त्यांनी टाळ्या वाजू दिल्या आणि मग मला फोन केला. बघ, टाळ्यांवरच थांबवलं असेल. नेहमीसारखं."

"असेलच," पिंपळापुरे म्हणाले. "दुसरीकडे ते थांबवतच नाहीत."

यंत्राचं चालू करायचं बटण माझ्या बोटापासून वीतभर होतं. दाबलं की कळणार होतं, आणि एकदा दाबलं की तो आकडा पुढे सरकणार होता. बाबांनी शेवटचं ज्या जागी बोट ठेवलं ती जागा राहणार नव्हती. मी रुमालाची घडी केली. पुन्हा उलगडली. खिडकीपर्यंत जाऊन आले.

"बेबी," काकू म्हणाल्या, "दाब ना व. किती फिरशील?"

मी दाबलं.

टाळ्या नव्हत्या. बाई होती, तीच, फोनवरची. एका लांब स्वराच्या अगदी मधोमध. जणू चौदा दिवस तोंड उघडं ठेवून उभी होती. तो स्वर वर चढला, वळला आणि पुढे गेला.

पिंपळापुऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "मध्येच थांबवलंय," ते म्हणाले. "रामरावजींनी? मध्येच?"

"पण ती दोन मिनिटं गात होती," मी म्हटलं. "मी ऐकत होते. ते उठलेच नाहीत."

"उठले नाही कसे?" काकू म्हणाल्या. "तुले माहीत नाही का त्यायचे गुडघे? खुर्चीतून उठायलेच किती वेळ लागे. आधी हा हात टेकत, मग तो टेकत. मग भिंत धरून तिथवर. मी दूध घेऊन आली की दार उघडेपर्यंत माझं भांडं थंड होऊन जाय. लवकर तर ते कधीच... पण तू फोन केला म्हणजे उठले असतीन ताबडतोब. तुह्या फोनची तर वाट पाहत बसत."

मी खुर्चीकडे पाहिलं. मग टेबलाकडे. सहा पावलं. गेल्या दिवाळीत मी इथे चार दिवस होते. त्या चार दिवसांत त्यांना एकदाही उठताना पाहिल्याचं मला आठवेना. चहा मीच हातात देत होते आणि पुन्हा बाहेर जात होते.

राग शोधला. तो नव्हता. पायाखालचा पाट काढून घ्यावा तसं झालं आणि मी खाली बसले, सीड्यांच्या मधे, फरशीवर.

बाई गात होती. मागे वाद्यं थांबली आणि ती एकटी राहिली. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी थिएटरात कोणीतरी खोकलं, दाबून, दोनदा. बाबांनी हे वहीत लिहिलं असेल का, असं माझ्या मनात आलं. मला तिचा एक शब्द समजत नव्हता. तीन मिनिटं झाली, साडेतीन. ती थकली होती. ते मला ऐकू येत होतं. सोडत नव्हती.

गौरांगचा फोन वाजला. तो दचकून उठला, खिशातून काढताना पाडला, उचलला.

"हां भैया... हां, गली के अंदर ही आना है... नहीं, अभी नहीं." तो माझ्याकडे बघत होता. बाई शेवटच्या स्वरावर होती. "दो मिनट रुको. नहीं भैया, सामान की बात नहीं है, सामान रेडी है."

स्वर संपला. क्षणभर काहीच नव्हतं. आणि मग तिकडे ते सगळे लोक एकदम टाळ्या वाजवू लागले.

"बस," गौरांग फोनमध्ये म्हणाला, "तालियां बज जाने दो."

त्याने फोन कापला नाही, कानालाही लावला नाही. हातात धरून उभा राहिला. पिंपळापुरे उंबऱ्यापाशी जाऊन अनवाणी उभे होते. टाळ्या खूप वेळ चालल्या. त्या विरायला लागल्यावर मी उठले; हात टेकून, सावकाश. बटण दाबलं. आकडे गेले. कप्पा बाहेर आला.

घुरघुर थांबली होती. पिंपळापुऱ्यांनी रिकामी डबी पुढे केली, पण तबकडी मी थोडा वेळ तळहातावर तशीच ठेवली. ती अजून गरम होती.