चार मिनिटांच्या वाटेवरचं कुलूप

मी लालबागच्या एका चाळीचा मागचा दरवाजा बोलतोय. लोखंडी, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. गिरणीतल्या फिटर मंडळींनी मला आवाराच्या मागच्या भिंतीत बसवलं, कारण पलीकडच्या गल्लीत शाळा होती. चार मिनिटांची वाट. पहिली घंटा ऐकून निघालेली पोरं दुसरीच्या आत वर्गात. कुणाच्या तोंडात घास, कुणाची वेणी अर्धीच.

मग चाळ पाडून टॉवर उभा केला; भिंत आणि मी तेवढे राहिलो. सात मजले नुसते गाड्यांना दिले. केवढी ती माया! चेअरमन रमाकांत परबांनी मला कुलूप ठोकलं. म्हणे, ‘सिक्युरिटीचा प्रश्न आहे.’ हेच गृहस्थ लहानपणी हाफपँट सावरत माझ्यातून पळायचे. तेव्हा धोका कुणाचा होता, त्यांचा?

त्यांचा नातू सिद्धांत त्याच शाळेत जातो, गाडीतून. रॅम्प, सिग्नल, पुलाखालून यू-टर्न, पंचवीस मिनिटं. शाळा बेडरूमच्या खिडकीतून दिसते! वर आजोबा म्हणतात, ‘हल्लीच्या पोरांना चालायला नको.’

टॉवरच्या मागे, याच आवारात, जुन्या भाडेकरूंच्या इमारतीत मेघना राहते. तिच्याकडे गाडी नाही. तिची लेक अक्षदा मोठ्या रस्त्याने वळसा घालून शाळेत जायची. फुटपाथवर बाइक उभ्या, म्हणून खाली उतरून. एका सकाळी रॅम्पवरून आलेल्या गाडीने तिला उडवलं. हात मोडला. गाडी परबांचीच, मागच्या सीटवर सिद्धांत.

मीटिंग झाली. परब म्हणाले, “एवढ्याशा मुलीला एकटं सोडायचंच कशाला?”

“तुम्हाला कोण सोडायला यायचं, काका?” मेघनाने विचारलं.

कमिटीने फार विचार केला आणि रॅम्पवर आरसा लावला. धन्य!

प्लास्टर निघालं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मेघना हॅकसॉ घेऊन आली. कुलूप कापलं. अक्षदा गेली, तिच्यामागून दहा-बारा पोरं गेली. रॅम्पच्या रांगेत अडकलेल्या सिद्धांतने ते पाहिलं, गाडीचं दार उघडलं आणि धूम ठोकली.

परब तणतणत आले. “बंद कर हे!” ते वॉचमनवर ओरडले.

“करतो साहेब. पण सिद्धांतबाबा यातूनच गेलाय. परत येणार कुठून?”

परब आल्या पावली परत गेले.

तूर्त मी उघडा आहे. वेल्डिंगवाल्याला बोलावणं गेलंय म्हणतात, येईलही. तोवर तुम्ही एक करा. आपल्या खिडकीशी उभे राहा. शाळा दिसते? मग मध्ये काय काय बांधून ठेवलंत, ते मोजा. पोरांना आळशी मागाहून म्हणा.