शाळेच्या विहिरीचा इतिहास

मोताळ्यापासून नऊ किलोमीटरवर आमची शाळा आहे आणि तिथे मी एकोणीस वर्षं इतिहास शिकवतोय. या विषयाला आमच्याकडे काडीची किंमत नाही. गणिताच्या सरांना जादा तास हवा असला की माझाच तास जातो, आणि मतदारयाद्यांचं काम आलं की मीच जातो. पोरंही हुशार, गाईड पाठ करतात आणि पास होतात. तरी माझी एक हौस होती. नववीचा पहिला धडा इतिहासाच्या साधनांचा. त्यात मौखिक साधनं येतात, म्हणजे माणसांच्या तोंडी राहिलेल्या आठवणी. तो धडा आला की मला चेव यायचा. "घरी म्हातारी माणसं आहेत ना? त्यांचं बोलणंही पुरावाच आहे. विचारा आणि लिहून आणा," असं मी दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी पोरं गाईडातून उतरवून आणायची.

शाळेला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी मात्र पुष्पांजली नावाच्या पोरीने खरंच घरी विचारलं. सुवर्णमहोत्सवाला मुलांचे प्रकल्प व्हरांड्यात मांडायचे होते, विषय 'आपली शाळा'. तिने आजीला, गीताबाईंना, समोर बसवून ऐकून लिहिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात शाळेच्या आवारातली विहीर दुष्काळी कामातून खोदली. बायका टोपल्यांनी माती वर काढायच्या. एका दुपारी काठ खचला आणि तीन बायका खालीच राहिल्या. तिघींची नावं लिहिली होती. त्यातली रुख्मिणी ही गीताबाईंची थोरली सख्खी बहीण, दोघी एकाच घरात दिलेल्या. दोन दिवस काम बंद होतं. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झालं आणि गीताबाईही कामावर गेल्या.

खोटं कशाला बोलू, वाचून मला आनंद झाला. तीन बायका मेल्याचं वाचून मास्तरला आनंद झाला, कारण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं ऐकलं होतं. मी वही घेऊन नाचतच मुख्याध्यापक उकंडराव सरांकडे गेलो.

त्यांनी ते पान वाचलं आणि उठून दार लावलं.

"त्या कामावर देखरेख कोनाची होती, माहीत हाय ना? संस्थेच्या अध्यक्षसाहेबाच्या वडिलाची. त्याइच्याच फोटोले हार घालून राह्यलो आपण. हे पान काढा."

"सर, म्हातारी स्वतः सांगते आहे."

"तिच्या सांगन्याले कागद हाय का काही? अन् तुमचा रखडेल वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव अध्यक्षांच्या टेबलावर हाय. सहज आठोन देतो."

सहज! मी शेपूट घातली. त्यातही एक वेळ पोरीला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, की बाई, मला भीती वाटते, हे पान काढू या. पण मास्तराला भीती कबूल करता येत नाही. मी माझ्या विषयाच्याच आड लपलो. भर वर्गात म्हणालो, "पुष्पांजली, इतिहासाला पुरावा लागतो. मी शाळेची सगळी जुनी कागदपत्रं पाहिली. असं काही घडल्याची नोंद नाही. म्हातारपणी माणसांची गल्लत होते."

कागदपत्रांच्या कपाटाला मी हातही लावला नव्हता.

"पन सर, पहिल्या धड्यात तुमीच तं सांगतलं होतं..."

"खाली बस."

पट्टी धरून मी ते पान नीट फाडलं, बाकीची वही खराब होऊ नये म्हणून. घरी नेलं आणि आंघोळीच्या बंबात टाकलं. सोहळा थाटात झाला. विहीर लोकसहभागातून झाली, असं स्मरणिकेत छापून आलं. माझ्या प्रस्तावावर सही झाली.

सहामाहीला मी मौखिक साधनांवर प्रश्न टाकला. पुष्पांजलीने गाईडातलं उत्तर शब्दन्‌शब्द लिहिलं होतं. चूक काढायला जागाच नव्हती, पाचपैकी पाच द्यावे लागले. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली. ती नावं तरी लिहून ठेवू म्हणून वही घेतली. रुख्मिणी आठवली. बऱ्याच वेळाने द्वारका आठवली. तिसरी काही केल्या आठवेना. ती कुणाची कोण होती, तेही त्या पानावर असणार, आणि पान मी जाळून बसलो होतो. आता ती गीताबाईंकडेच मिळाली तर मिळणार होती.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. गीताबाई अंगणात सुपात तूर पाखडत होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. पुष्पांजली दारात उभी राहिली.

"आजी, विहिरीचं मला पुन्हा सांगता का? तिघींची नावं लिहून घ्यायची आहेत."

"कायच्या तिघी जी?" त्या म्हणाल्या. "पोरगी म्हने, सरनं समदे कागद पायले, तसं काही झालंच नाई. मंग मीबी लय इचार केला. शिकेल मानूस कायले खोटं सांगन? पन्नास वरीस झाले, माह्याच डोक्यात कायतरी भलतं बसलं असंन."

"आजी, मी कागद पाहिलेच नव्हते. मी खोटं बोललो."

त्या हसल्या. "म्हातारीचं मन राखाले म्हनता, मास्तर."

"अहो, रुख्मिणी तुमची सख्खी बहीण ना?"

"हाव." सुपातला हात थांबला. "थे तापानं गेली असंन. त्या साली ताप लय होता."

मी पुष्पांजलीकडे पाहिलं. "तुला आठवतात का गं नावं?"

"नाई सर," ती खाली पाहत म्हणाली. ती खरं बोलत होती की नाही, मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायला मला तोंड नव्हतं.

गीताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि जरा पुढे सरकल्या. वर्गात उत्तर द्यायला उठलेल्या पोरासारखा त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"आता कोनी इचारलं तं मी असंच सांगतो. विहीर गावकऱ्याइनं मिळून खोदली, कोनाले काही झालं नाई, माही बहीन तापानं गेली. बरोबर हाय ना, मास्तर?"

माझी मान खाली गेली. त्यांना तो होकार वाटला.

"पाय, बरोबर सांगतलं मी," त्या नातीला म्हणाल्या. "जाय व, मास्तरले च्या टाक."