भरायला पोकळी हवी ना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमच्या वर्दिंगमधल्या कुठल्याही घरासमोर मला उभं करा. गाडीचं दार लावायच्या आत मी त्याची श्रेणी सांगते. घर किती ऊब धरून ठेवतं ते तपासून एकोणीस वर्षं ऊर्जेचे दाखले देतेय. ए म्हणजे उत्तम, जी म्हणजे खिडकीतून पैसे फेकल्यासारखं. मी लिनेट. आमच्या धंद्यातले लोक मला आगाऊ म्हणतात, आणि ते खरंही आहे.

त्या मंगळवारी सेल्डन रस्त्यावरच्या अठरा नंबरला जायचं होतं. घरमालक डंकन ट्रेव्हेट यांनी फोनवर सगळं आधीच सांगून टाकलं होतं. वडिलांकडून आलेलं घर, श्रेणी एफ. भाड्याने द्यायचं तर कायद्याने किमान ई लागते. पाच वर्षांची सूट घेतली होती, ती संपली. भिंतींना आतून ऊब धरणारं अस्तर लावायचा खर्च झेपणारा नाही. पुन्हा एफ आली तर भाडेकरूला नोटीस द्यायची आणि घर विकायचं. विक्रीवाला गुरुवारी फोटो काढायला येणार होता.

भाडेकरू म्हणजे एनिड पेलिंग. वय एकोणऐंशी, त्या घरात एकतीस वर्षं.

निघण्यापूर्वी सवयीने जुना दाखला उघडला. दाखला दहा वर्षं चालतो, याची ती होऊन गेलेली. भिंती भरीव विटांच्या, कसलंही आवरण नाही, एफ. खाली तपासनिसाचं नाव होतं. माझंच.

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! म्हणजे काम चोख झालेलं असणार.

दार उघडून एनिडबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू होय! तेव्हा केस लाल होते तुझे."

"तुमच्या लक्षात आहे?"

"न राहायला काय झालं? ये. बूट काढू नकोस, फरशी गार असते. तुझ्याच कागदात लिहिलंय तसं."

ट्रेव्हेट स्वयंपाकघरात उभेच होते, चहाला हात न लावता. माणूस वाईट नव्हता, पण मनाने त्याने घर केव्हाच विकलेलं होतं. एनिडबाईंनी खिडकीतली जिरेनियमची कुंडी उगाच सरळ केली आणि मला म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं तेच पुन्हा सांगते. या भिंती भरलेल्या आहेत. माझा नवरा रॉन गेला त्याच्या आदल्या वर्षी माणसं नळी घेऊन आली होती. याच्या वडिलांनीच बोलावलेली. भिंतीला भोकं पाडली आणि आत कापसासारखं काहीतरी फुंकलं. एकाने ड्रिल माझ्या कुंडीवर पाडलं."

"कागद आहे का?"

"कागद तुझ्याकडेच असतात बाई. माझ्याकडे डोळे होते."

आमच्याकडे नियम एकच. दिसलं किंवा कागद असला तर लिहायचं, घरातल्यांच्या सांगण्यावर काही लिहायचं नाही. तेव्हा मी त्यांना काय म्हणाले होते तेही आता आठवलं. हसून म्हणाले होते, "भरायला पोकळी हवी ना, मिसेस पेलिंग? तुमची भिंत भरीव आहे."

ते विटांवरून कळतं. मधे पोकळी ठेवलेल्या दोन पदरी भिंतीत बाहेर विटांच्या फक्त लांब बाजू दिसतात. भरीव भिंतीत मधूनमधून काही विटा आरपार घालतात, म्हणून लांब बाजू, छोटं तोंड, लांब बाजू, छोटं तोंड अशी ओळ दिसते. या घराच्या दर्शनी भिंतीवर तशीच ओळ होती. दहा वर्षांपूर्वी मी ती फुटपाथवरूनच पाहिली असणार. टेप पिशवीतून काढलीही नसेल.

या खेपेला काढली. का काढली, तर त्या कुंडीमुळे. खोटं बोलणारा माणूस गोष्टीत कुंडी घालत नाही.

मागच्या दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजली. भरीव भिंत प्लास्टर धरून चोवीस-पंचवीस सेंटिमीटर भरते. टेप म्हणाली, साडेएकोणतीस. पुन्हा मोजलं. पुढच्या खिडकीत जाऊन मोजलं. साडेएकोणतीस.

माझे कान तापले. समुद्राकाठच्या जुन्या गवंड्यांची ही लबाडी मला शिकवलेली होती. पावसाची ओल आत येऊ नये म्हणून दोन पदरी भिंत बांधायची, पण दिसायला जुन्या पद्धतीची हवी, म्हणून विटा अर्ध्या तोडून त्यांची तोंडं बाहेर बसवायची. परीक्षेत मला याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते.

मागे अंगणात गेले. भिंतीला पांढरा रंग होता. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाकला आणि ते उमटले. नाण्याएवढे बुजवलेले गोल, एकाआड एक, ओळीने, पार छपरापर्यंत. एक बरोबर कुंडीच्या खिडकीखाली.

मी दहा मिनिटं फोटो काढत राहिले. तेवढ्यात गप्प बसायचं ठरवता आलं असतं. नव्या दाखल्यात खरं लिहायचं आणि जुन्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पण मग ट्रेव्हेट म्हणाले असते, भोकं नंतर कुणी पाडली असतील, आणि एनिडबाई पुन्हा खोट्या ठरल्या असत्या.

आत येऊन आकडे भरले. ई, शंभरात एकोणपन्नास गुण.

"ई?" ट्रेव्हेट म्हणाले. "दहा वर्षांत काहीही केलं नाही आणि ई?"

"तेव्हाही ईच होती. चूक माझी. मी भिंत मोजली नाही."

"अहो, मी यांना घराबाहेर काढणार होतो!"

"माहीत आहे. माझ्याविरुद्ध तक्रार करा. कुठे करायची तो पत्ता मीच देते. पण आधी त्या विक्रीवाल्याला फोन करा."

मी नजर हलवली नाही. लाज वाटत होती, पण माझे आकडे बरोबर होते, आणि आकडे बरोबर असले की मला कुणाचीही भीती वाटत नाही. ट्रेव्हेट फोन घेऊन अंगणात गेले. दारातून ऐकू आलं, "गुरुवारचं रद्द करा. नाही, पुढची तारीखही नको."

एनिडबाई खुर्चीत बसल्या.

"मिसेस पेलिंग, तुम्ही खरं बोलत होतात," मी म्हणाले.

"असं तोंडी नको," त्या म्हणाल्या. "कागद नसेल तर नाही. तुझाच नियम आहे."

त्यांनी फ्रिजवरची किराण्याची यादी काढली आणि उलटी करून माझ्यापुढे ठेवली. मी लिहिलं : एनिड पेलिंग खरं बोलत होत्या. खाली सही केली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"तारीख घाल."

घातली.

"दहा वर्षं चालतं ना हे?"

"दहा वर्षं."

"पुरतील मला," त्या म्हणाल्या, आणि उठून तो कागद फ्रिजवर लावला.