आबांचा चक्कू आणि दसऱ्याचे सिंघाडे

आमच्या आबांना चाकूचा शौक लागला तो रिटायर झाल्यावर. आबा म्हणजे माझे आजोबा. जन्मभर त्यांनी टेलिफोन खात्यात नोकरी केली आणि घरात आंबासुद्धा आजीने कापून दिला तरच खाल्ला. मग एका वर्षी कार्तिक मेळ्यात एका लोहाराकडून त्यांनी घडीचा चाकू घेतला. लाकडी मूठ, लोखंडी पातं, मधे एक खिळा. बटण नाही, स्प्रिंग नाही. "आयुष्यभर बिघडलेल्या मशिनी दुरुस्त केल्या," आबा म्हणतात, "बिघडायला काही नाहीच अशी ही पहिली."

त्यानंतर आणखी आले, सगळे तसेच साधे. पण खिशात राहायचा तो पहिलाच. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, दगडावर पातं घासायचं, एक थेंब तेल लावायचं आणि जाम कापायचे. (पेरूला आम्ही उज्जैनवाले जाम म्हणतो. पुण्याचे पाहुणे दर वेळी ब्रेड शोधतात.) लिंबं कापून कापून पातं निळसर काळं झालं होतं. आजीने एकदा ते चिंच लावून घासायला घेतलं तर आबा ओरडलेच, "अगं, हात लावू नकोस! हा रंग यायला दोन वर्षं लागलीत!"

"माझे केस पांढरे व्हायला चाळीस लागली," आजी म्हणाली, "त्याचं कौतुक नाही केलंत कधी."

मग यंदा गणपतीत घोटाळा झाला. बाबांच्या ऑफिसमधले लोक दर्शनाला आले होते, आबा त्यांना सफरचंद कापून देत होते आणि चाकू अंगठ्यात घुसला. टाके पडले. आबांचा हात हल्ली थोडा थरथरतो, हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोललं कुणीच नव्हतं. त्या दिवशी बाबा बोलले. आणि नुसते बोलले नाहीत, सगळे चाकू उचलून स्वतःच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं.

"आबा, बस झालं आता. फळ हवं तर सांगा, कापून देऊ."

त्या दिवसापासून आबा ओट्यावर बसायचेच बंद झाले. बशीत फोडी यायच्या, काट्यासकट. आबा दोन खायचे आणि बशी सरकवून टीव्ही बघायचे. टीव्हीवर काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही.

मला हे बिल्कुल पटत नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत मी गप्प बसले असते. पण यंदा मी अकरावीत आहे, शाळेच्या डिबेट टीममध्ये आहे, आणि मला कळलंय की योग्य वेळी योग्य माणसासमोर बोललं की काम होतं. योग्य वेळ होती खंडेनवमी. योग्य माणूस होती आजी.

आमच्याकडे खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार ते त्याने पाटावर मांडायचं. आजीची विळी, बाबांचा लॅपटॉप, माझा कंपास बॉक्स. झेंडू, हळदकुंकू, अक्षता. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा झाली की प्रत्येकाने आपलं हत्यार उचलून थोडं तरी काम करायचं. आजी याबाबतीत फार कडक आहे. एका वर्षी मला दसऱ्याच्या दिवशी वर्तुळ काढायला लावलं होतं.

पाट मांडून झाला तशी मी मोठ्याने म्हणाले, "आजी, आबांची जागा रिकामीच?"

आजीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"निहू, तू मुद्दाम करतेयस."

"हो," मी म्हणाले.

"आल्हाद, कपाट उघड," आजी म्हणाली.

"आई, पूजेपुरतेच हं. नंतर परत आत."

"आणि उद्या? उद्या वापरायचं असतं ना?" मी विचारलं.

"तू वकील होणार आहेस का गं?"

"फी दिलीत तर होईन."

आजीने निकाल दिला. "उद्या तुझा लॅपटॉप चालणार, तर त्यांचा चाकूही चालेल. एकदा बघू तरी दे. नाही जमलं तर कुलूप तुझं, मी मधे पडणार नाही."

म्हणजे एकच चान्स.

दसऱ्याच्या सकाळी मी ठेल्यावरून सिंघाडे, म्हणजे तुमचे शिंगाडे, आणले. हिरवे, ताजे, ओले. "भैया, काँटे वाले मत देना," मी म्हटलं. ठेलेवाला म्हणाला, "दीदी, काँटे तो तुम्हारी ज़बान में हैं." असू दे.

घरी टोपली बघून बाबा वैतागले. "सिंघाडे? याहून सोपं काही मिळालं नाही?"

"मीच सांगितले होते," आबा म्हणाले. मला हे नवीनच होतं, कारण त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

बाबा समोर बसले, मांडीवर औषधांचा डबा. आबांनी चाकूवरचं हळदकुंकू कोरड्या फडक्याने पुसलं आणि तो उघडला. हवेत हात थरथरला. बाबा पुढे सरकले. पण आबांनी कोपर बरगडीला टेकवलं, मनगट गुडघ्यावर ठेवलं, आणि हात थांबला. मग त्यांनी चाकू तसाच स्थिर धरून सिंघाडा फिरवायला सुरुवात केली. साल सुटत गेली. आतला गर पांढरा, अख्खा.

"वा आबा!" मी टाळी वाजवली. दुसरा झाला. तिसराही झाला. मी बाबांकडे असं बघत होते की जणू निकाल लागलाच.

चौथा हातात घेऊन आबा थांबले. मग त्यांनी तो टोपलीत परत टाकला आणि चाकू मिटला.

"हात थकला. बाकीचे उकडा."

"आबा! अजून दोनच करा ना!" मी अक्षरशः कळवळले. एवढी टोपलीभर संधी आणि हे म्हणतात उकडा!

"नको. आज एवढंच."

मला वाटलं, गेली केस. पण बाबांनी विचारलं, "त्या दिवशी का नाही थांबलात?"

आबांनी अंगठ्यावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. "तुझ्या ऑफिसचे लोक समोर बसले होते. अर्धं सफरचंद ठेवून म्हातारा उठला असता तर कसं दिसलं असतं? लाज वाटली."

बाबांनी औषधांचा डबा खाली ठेवला. सोललेला एक सिंघाडा उचलून खाल्ला.

"गोड आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "खिशात ठेवा चाकू. पण लोकांसमोर काढायचा नाही."

"कबूल," आबा म्हणाले. इतक्या पटकन, की आजीला हसू आलं.

संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले. आबांचे टेलिफोनवाले मित्रही आले आणि आल्या आल्या त्यांनी विचारलं, "काय श्रीपादराव, तुमचा तो प्रसिद्ध चक्कू कुठाय? दाखवा की!"

टेबलावर डझनभर केळी आणि सफरचंदं होती. बाबा दारात उभे होते.

"आहे," आबा म्हणाले. सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला आणि आजीला हाक मारली, "अगं, यांना सफरचंद कापून आण."