पोर्तो मिरोलाच्या पायऱ्या

सई, फोन ठेवू नकोस, मीटिंग असेल तर म्यूट करून बस, पण ऐक. आत्ता मालिनीकाकूंकडून निघालेय आणि त्यांच्याच गल्लीच्या टोकाला गाडी लावून बसलेय. त्यांच्या स्वयंपाकघरात आत्ता जे झालं ना, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला ड्राइव्ह करता येणार नाही.

आधी एक कबुली देते. शिव्या नंतर घाल. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी इटलीला गेलेच नव्हते. हो, तुला पाठवलेले फोटोसुद्धा नेटवरचेच होते. व्हिसा आलाच नाही यार, पासपोर्ट शिकागोच्या कॉन्सुलेटमध्ये अडकून पडला, आणि मी तर आपल्या मराठी मंडळात तीन महिने आधीपासून सोलो ट्रिप, सोलो ट्रिप म्हणून दवंडी पिटलेली. मग काय करणार? दहा दिवस पडदे ओढून अपार्टमेंटमध्ये मॅगी खात बसले, गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ठेवून आले, लाँड्रीला जायचं तरी टोपी घालून.

पुढे गणपतीच्या पॉटलकला माझा स्लाइड शो ठरलेला. आपल्याकडची पद्धत माहितीय ना, कुणी कुठे फिरून आलं की प्रोजेक्टर लावून सगळ्यांना दाखवायचं. मी पोर्तो मिरोला नावाच्या गावाची एक साइट शोधली आणि अख्खी पाठ केली. चाच्यांच्या भीतीने बांधलेली तटबंदी, समुद्रातून आपलं घर ओळखू यावं म्हणून कोळ्यांनी रंगवलेल्या भिंती, लिंबाच्या बागा, घंटेचा मनोरा. अरुणकाका मधेच ओरडले, "काय गं रुचा, तिथे ऊन नसतं का? दहा दिवसांत उलट उजळून आलीस!" सगळे हसले. मी घाबरले, आणि घाबरले की मी जास्त बोलते, तुला ठाऊक आहे.

म्हणून मी एक प्रथा बनवली, तिथेच, उभ्या उभ्या. म्हटलं, ऑगस्टमधल्या उत्सवाच्या दुपारी गावातला एक म्हातारा धक्क्याच्या पायऱ्यांवर यादी घेऊन उभा राहतो आणि समुद्रातून परत न आलेल्यांची नावं पुकारतो. प्रत्येक नाव तीनदा. घरचं कुणी असेल तर ते ओ देतं, नसेल तर गर्दीतला कुणीही देतो, कारण हाक रिकामी जाऊ द्यायची नसते. सगळ्यांनी हातातल्या प्लेटी खाली ठेवल्या. मला काय भारी वाटलं सांगू!

आणि मागच्या खुर्चीवरून मालिनीकाकूंनी विचारलं, "परक्यांची नावं पुकारतात का गं?"

त्यांचा शैलेंद्र, एकुलता एक. एकोणीस वर्षांचा होता, दहा वर्षांपूर्वी मिशिगन सरोवरात बोट उलटली, सापडलाच नाही. दहावं, बारावं, काहीच धड झालं नाही, कारण काकूंनी करूच दिलं नाही. मला हे सगळं माहीत होतं, सई. तरी मी म्हटलं, "हो काकू, कुणाचंही. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं."

मग वर्षभर दर शनिवारी मला जेवायला बोलावणं. वरणफळं काय, अळूवडी काय. मी खायचे आणि ठरवायचे, आज सांगते. यंदा जुलैत त्यांनी तिकीट दाखवलं. एकट्याच जाणार होत्या. अमेरिकन पासपोर्ट, त्यांना कसला आलाय व्हिसा! बॅग भरून तयार होती, वर एक चिठ्ठी, आणि मला म्हणाल्या, "शैलेंद्रचं स्पेलिंग बघ गं बरोबर आहे का, त्यांना वाचता यायला हवं." मी बघितलं. म्हटलं, बरोबर आहे. एवढंच म्हटलं. एवढं लाजिरवाणं मी आयुष्यात काही केलेलं नाही.

तिकडून परत आल्यावर आज त्यांनी बोलावलं. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर थोबाडीत देतील, आणि खरं सांगते, दिली असती तर बरं झालं असतं. तर त्यांनी शांतपणे चहा ओतला आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस तस्संच होतं सगळं."

म्हातारा, यादी, पायऱ्या. प्रत्येक नाव तीनदा. काकूंची चिठ्ठी त्याने घेतली, शैलेंद्रचं नाव पुकारलं. काकू स्वतः ओ द्यायला गेल्या, पण घशातून आवाजच फुटेना. आणि मागून, त्या सगळ्या इटालियन गर्दीतून, कुणीतरी ओ दिली. "शैलेंद्र माळ्यावरून द्यायचा ना, हातातलं पुस्तक न सोडता, तशी," काकू म्हणाल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "आता करीन म्हणते मी त्याचं सगळं. गुरुजींना फोन केलाय." चेहरा इतका हलका झाला होता त्यांचा, सई. मी कधीच बघितला नव्हता तसा.

ती साइट मी पन्नास वेळा वाचलीय, त्यात असलं काही नव्हतं. मी बनवलं होतं ते. मी!

मग त्यांनी कप बाजूला ठेवला. म्हणाल्या, "शेवटी एक नाव आलं. मला वाटलं, माझाच भास. पण तीनदा पुकारलं, नाव, आडनाव, सगळं. तुझं." काकू पुढे होऊन त्याला म्हणाल्या, अहो, ही तर आमच्या गावात असते, नेपरव्हिलला, चांगली धडधाकट आहे. हॉटेलमधली मुलगी सोबत होती, ती दोघांचं बोलणं एकमेकांना समजावून सांगत होती. तर म्हाताऱ्याने यादीवर बोट ठेवलं, म्हणाला, गेल्या ऑगस्टमध्ये आली होती. एकटीच. पोहायला उतरली.

"कुणीच ओ देईना," काकू म्हणाल्या. "मीही नाही दिली. जिवंत माणसाची कशी द्यायची?"

आणि मग माझा हात धरला त्यांनी. धरला म्हणजे चाचपला, मनगटापासून बोटांपर्यंत, मंडईत भाजी बघतात तसा. म्हणाल्या, "खरं सांग हं बाळा. तू गेली होतीस ना तिथे?"

नाही म्हणावं, तर मी थापाडी, ती प्रथा थाप, आणि शैलेंद्रची ओसुद्धा थाप. आज दहा वर्षांनी त्या बाईला मिळालेली एकुलती एक गोष्ट मी काढून घेणार. हो म्हणावं, तर मग सई, परत कोण आलं?

एक फोन करून येते म्हणाले आणि बाहेर पडले. त्या अजून दारात उभ्या आहेत, मला गाडीच्या आरशात दिसतायत, माझ्या उत्तराची वाट बघत. सांग ना, तू काय म्हटलं असतंस?